तैपिंग सहा-एक-चार

३ जुलै २००९, शुक्रवार

दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी ब्लँक कॉल. मी उचलला, नेहमीप्रमाणे "तैपिंग सहा-एक-चार" म्हणालो. पलीकडे काही नाही. अठरा सेकंदांनी मी ठेवला.

आमच्या टेलिफोन खात्यात फोन उचलला की हॅलो म्हणत नसत. आधी गावाचं नाव, मग नंबर. मी एक्स्चेंजला लागलो तेव्हा आमच्या घरचा नंबर तीन आकडी होता. पुढे पाच आकडे झाले, मग सात. मी मात्र शेवटचे तीनच सांगतो. अन्नलक्ष्मी म्हणायची, "अहो, पलीकडच्याला वाटतं तुरुंगातला कैदी बोलतोय." बायकोनं चाळीस वर्षं थट्टा केली, पण शेवटी शेवटी तीही तेच म्हणायला लागली होती.

दर शुक्रवारच्या या फॉल्टची नोंद मी वेगळ्या वहीत ठेवतो. जून २००३ पासून आहे. त्याआधीची माहिती नाही, कारण अन्नलक्ष्मी होती तोवर शुक्रवारी दुपारी मी झोपत असे आणि फोन तीच घ्यायची. तेव्हा बराच वेळ कुणाशी तरी बोलत असायची, देवळातल्या बायका असतील.

६ जुलै

घरमालक चोंग आला होता. कोटा रस्त्यावरची आमची सगळी माडी त्याला पाकोळ्यांसाठी हवी आहे. खिडक्या विटांनी बुजवायच्या, आत पाकोळ्यांच्या आवाजाची टेप दिवसभर लावायची, की पाकोळ्या येऊन घरटी करतात आणि ती घरटी सूपसाठी विकायची. शेजारच्या दोन माड्या आधीच पाखरांच्या झाल्या आहेत.

"पंधरा ऑगस्टपर्यंत वेळ घ्या, अंकल," तो म्हणाला. "घाई नाही."

पंधरा ऑगस्टला चाळीस दिवस आहेत. एकतीस वर्षं राहतोय इथे. आपल्या जागी पाखरं येणार हे ऐकून राग यायला हवा होता, पण मला पहिल्यांदा आठवला तो फोन.

८ जुलै

सेरेम्बानच्या वृद्धाश्रमाला होकार कळवला. मलेशियातल्या आपल्याच सिलोनी तमिळ लोकांचा आहे, सकाळी तांदळाच्या शेवयांचा इडियप्पम मिळतो म्हणतात. न्हाणीघरात पडल्यापासून डॉक्टर मागे लागलेच होते.

मग खात्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, नंबर सेरेम्बानला न्यायचाय. ती हसून म्हणाली, "अंकल, नंबर राज्याबाहेर जात नाही. तो एक्स्चेंजचा असतो." मला सांगते! ती ज्या एक्स्चेंजबद्दल बोलत होती त्याच्या रॅक मी उभ्या केल्यात. पण तिचं बरोबर होतं. नंबर माणसाचा नसतो, तारेचा असतो. आयुष्यभर लोकांना मीच हे समजावत आलो.

घरी येऊन यादी केली, मला फोन कोण कोण करतं. एक, हाशिम. दोन, डॉक्टरांचा दवाखाना. तीन, छपाईवाली बी हून, पत्ते खेळायला गडी कमी पडला तर. चार, ब्लँक कॉल. चौथा धरायचा का, हा प्रश्नच आहे.

१० जुलै, शुक्रवार

ब्लँक कॉल, दोन वाजून नऊ मिनिटं. मागे पंख्याची घरघर आणि क्रॉसटॉकमध्ये, दुसऱ्या लाइनीवरून घुसलेला, एका लहान मुलीचा आवाज, मलयमध्ये काहीतरी मागत होती. बावीस सेकंद.

संध्याकाळी तळ्याकाठी हाशिम भेटला. तीस वर्षं तो जमिनीखालच्या केबल जोडायचा आणि मी वर त्या तपासायचो. त्याला म्हटलं, बाबा, जाण्याआधी हा फॉल्ट एकदा बघ, कुठेतरी जॉइंटमध्ये पाणी शिरलंय.

"दर शुक्रवारीच पाणी शिरतं?" तो म्हणाला.

"त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये टेस्टिंग करत असतील."

"सव्वादोनला?"

"दोन ते सव्वादोन. वही दाखवू?"

"वही राहू दे. लिंगम, त्या वेळी मी कुठे असतो माहितीये? मशिदीतून बाहेर पडून चपला शोधत असतो. अर्धा देश चपला शोधत असतो."

त्याचा फॉल्टशी काय संबंध, मी विचारलं. तो म्हणाला, "काही फॉल्ट दुरुस्त करायचे नसतात रे, म्हाताऱ्या." कामचुकारपणा याच्या अंगात पहिल्यापासून मुरलाय.

१४ जुलै

आज मनातलं लिहून टाकतो, वही दुसरं कुणी वाचत नाही.

माझ्या मुलाकडे, गुणसीलनकडे, फक्त हाच नंबर आहे. शेवटचं बोललो ते अकरा वर्षांपूर्वी, लग्नाचं सांगायला त्यानं फोन केला तेव्हा. मुलगी मलय, म्हणजे मुसलमान, तेव्हा धर्म बदलणं आलं. नाव बदलणं आलं. आमच्यात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, आडनाव नसतं. त्याच्या नावापुढून माझं नाव जाणार होतं. मी म्हणालो, "या तारेवर पुन्हा तुझा आवाज आला तर तार कापीन. मला कापता येते." त्यानं ठेवला.

त्याची आई गेल्याचं कळवायला माझ्याकडे त्याचा पत्ता नव्हता. पेपरात दिलं होतं. आला नाही, किंवा आला असला तर मला दिसला नाही.

मी फोन करणार नाही, करायला त्याचा नंबरही नाही. पण एक आहे. त्यानं कधी केलाच, तर "बापानं नंबर बंद केला" असं त्याला म्हणता येऊ नये. तार मी कापली नाही. अकरा वर्षं बिल भरलं, वादळात खांब पडला तेव्हा स्वतः उभा राहून लावून घेतला. आणि आता ती पाकोळ्यांपायी कापली जाणार आहे.

१८ जुलै

बी हूनच्या दुकानात गेलो होतो. ही लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापते आणि हल्ली कार्डाबरोबर इंटरनेटवरची नावंही विकते. म्हणाली, आता टेलिफोनसाठी खास वेगळी शेपटी निघाली आहे, डॉट टेल. आपलं नाव घ्यायचं, पुढे ही शेपटी लावायची आणि त्यात आपले सगळे नंबर ठेवायचे. नंबर बदलला तर आत जाऊन बदलायचा, नाव तेच राहतं.

"म्हणजे डिरेक्टरी," मी म्हणालो.

"एका माणसाची डिरेक्टरी."

"एका माणसाच्या डिरेक्टरीला डिरेक्टरी म्हणत नाहीत, चिठ्ठी म्हणतात."

"अंकल, तुमच्या तोंडाला लागण्यापेक्षा इथल्या तुरुंगातल्या कैद्यांना कॉम्प्युटर शिकवणं परवडलं," ती म्हणाली आणि कॉफी मागवली.

पण घरी आल्यावर विचार करत बसलो. गाव सुटलं, तार सुटली, तरी नाव जागचं हलत नाही. काय वाईट आहे?

२० जुलै

पुन्हा गेलो. म्हटलं, नोंदव. तिनं माझं नाव टाइप करायला घेतलं. मी थांबवलं. वैतिलिंगम हे नाव इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहितात, पेन्शनच्या कागदावर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरंच. शोधणाऱ्यानं कुठलं शोधायचं? नंबर कसा, एकच असतो.

"मग नंबरच नाव म्हणून घे. सातही आकडे."

तिनं प्रयत्न केला. नाही म्हणतंय. नुसत्या आकड्यांचं नाव या शेपटीपुढे चालत नाही, तसा नियमच आहे म्हणे. मला हसावं की रडावं कळेना. टेलिफोनसाठी काढलेली शेपटी आणि तिथे टेलिफोन नंबरालाच दार बंद!

"कुणी केलेत हे नियम? यांनी कधी डायल फिरवलाय का?"

"ओरडू नका, गिऱ्हाईक पळतील. एखादं अक्षर हवं सोबत, एवढंच."

मी म्हणालो, "तैपिंग लाव आधी. मग सहा एक चार."

तिनं लावलं. मिळालं. जगात दुसऱ्या कुणी मागितलंच नव्हतं. "हे कुणाला कळणार, अंकल?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "ज्याला कळायचं त्याला."

हे उत्तर मी का दिलं, सांगता येणार नाही. तोंडातून गेलं.

२४ जुलै, शुक्रवार

ब्लँक कॉल, दोन चौदा.

खात्याची शिस्त अशी, की नंबर बदलायचा असला तर आधी महिनाभर प्रत्येक कॉलला सूचना द्यायची. मी सूचना कागदावर लिहून फोनजवळ चिकटवली आहे. दवाखान्याला वाचून दाखवली, हाशिमलाही वाचून दाखवली. तो म्हणाला, "मी तुझ्या समोरच्या रस्त्यावर राहतो, गाढवा."

आज ब्लँक कॉललाही वाचली. सवयच ती. "हा नंबर पंधरा ऑगस्टपासून बंद होत आहे. त्यानंतर कॉम्प्युटरवर तैपिंग सहाएकचार डॉट टेल इथे पाहावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." ओल्या केबलला सूचना देणारा मी पहिलाच टेक्निशियन असेन.

फॉल्ट एक मिनिट चार सेकंद राहिला. एवढा वेळ कधी राहिला नव्हता.

३१ जुलै, शुक्रवार

दोन अकरा. सूचना दोनदा वाचली, स्पेलिंगसह.

५ ऑगस्ट

सामान आवरतोय. अन्नलक्ष्मीची शिलाईची पेटी उघडली. बटणांच्या डब्यात एका लहान मुलीचा फोटो सापडला, दोन-तीन वर्षांची, कुरळे केस, हातात फुगा. मागे काही लिहिलेलं नाही. तिच्या माहेरच्या कुणाची तरी असेल. कान मात्र माझ्या आईसारखे आहेत. फोटो टाकवेना, वहीत ठेवला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

शेवटचा दिवस. दीड वाजताच जेवलो आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसलो. फॉल्टची शेवटची नोंद अचूक व्हावी म्हणून.

दोन दहा. "तैपिंग सहा-एक-चार." सूचना वाचली. मग कागद संपला आणि मी फोन ठेवायला हवा होता. पण ठेवला नाही. तारेतली घरघर ऐकत राहिलो. परगावच्या ट्रंक लाइनला एक खोल आवाज असतो, विहिरीत कान लावल्यासारखा. नव्या लोकांना तो कळत नाही. चाळीस वर्षं मी त्याच आवाजात राहिलो. चार मिनिटांनी पलीकडूनच बंद झालं.

हाशिम आला होता डबा घेऊन. जाताना त्यानं आपला जुना मोबाइल माझ्या खिशात कोंबला. "यात कार्ड घातलंय. तो नंबर त्या तुझ्या चिठ्ठीत टाक."

"मोबाइल हा फोन नव्हे. तार नाही त्याला."

"लिंगम," तो म्हणाला, "तुला देवानं कान दिले, अक्कल द्यायची राहिली." आणि रडला. मी कधी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं.

२ सप्टेंबर, सेरेम्बान

जवळजवळ तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

खोलीत तिघं आहोत. एकाला ऐकू येत नाही, दुसरा दिवसभर झोपतो. इडियप्पम मिळतो, पण कोरडा, सोबतच्या सोदीच्या रश्शात नारळ दिसत नाही. ऑफिसात एक फोन आहे, कुलूपबंद लाकडी पेटीत. कुणासाठी आला तर माळी हाक मारतो. आतापर्यंत माझ्या नावाची हाक ऐकलेली नाही.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला मला उगाचच हुरहूर लागते. फॉल्टचीही सवय होते माणसाला.

२० सप्टेंबर, ईद

हाशिमचा मोबाइलवर फोन. घरी खूप माणसं आहेत, मटणाचं रेंदांग संपत आलंय, मी हवा होतो म्हणाला. मग म्हणाला, "तिकडे फॉल्ट येतो का रे?" मी म्हटलं, फॉल्ट लाइनीबरोबर तिकडेच राहिला.

१७ ऑक्टोबर, दिवाळी

बाकीच्यांची मुलं आली होती, मुरुक्कूच्या चकल्या घेऊन. एका नातवंडानं मला चुकून आजोबा म्हटलं, मग आईनं त्याला बरोबर माणसाकडे वळवलं. मी तोंड धुवायला गेलो आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिलो. एकटं वाटतं. लिहायला लाज वाटते, पण वाटतं.

१९ ऑक्टोबर

बी हूनचा मोबाइलवर फोन. हाशिमकडून नंबर घेतला म्हणाली. चिडलेली होती.

"अंकल, तुमचं पान उघडून बघितलं आज. पासवर्ड घेतलात, स्वतः भरतो म्हणालात आणि भरलंय काय? मेलेला नंबर! सातही आकडे, तैपिंगचे! त्याच्याखाली काहीच नाही!"

"तो माझा नंबर आहे."

"तो होता. आता तिथे पाकोळ्या राहतात. कुणी शोधत तिथवर आला तरी त्याला परत त्याच बंद दारावर पाठवताय तुम्ही. मग नाव घेतलं कशाला?"

जुलैत पान भरायला बसलो तेव्हा हात आपोआप त्याच आकड्यांवर गेले. नंतर बदलायचं ठरवलं आणि बदललं नाही. खरं सांगायचं तर तो नंबर तिथे जिवंत दिसायचा म्हणून ठेवला होता. नाव पक्कं राहावं आणि नंबर बदलता यावा, यासाठी ही सगळी खटपट. मी नेमकं उलटं करून ठेवलं. सूचना वाचताना मी लोकांना स्पेलिंग सांगत होतो आणि आत काही नव्हतंच. नऊ आठवडे.

ऑफिसातल्या बाईच्या कॉम्प्युटरवरून जुना नंबर पुसला. दोन वेळा विचारतं, नक्की पुसायचा का. मग मोबाइलचा घातला.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्षर कसंही येतंय.

मोबाइल वाजला तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. पडद्यावर हाशिम नव्हता, बी हूनही नव्हती, अनोळखी आकडे होते. घड्याळात दोन वाजून तेरा मिनिटं.

"तैपिंग सहा-एक-चार," मी म्हणालो.

पलीकडे काही नाही. पंख्याची घरघर.

मी सवयीनं वहीकडे हात नेला. ब्लँक कॉल, दोन तेरा, एवढं लिहिलंही. फॉल्टचं कारण लिहायच्या रकान्यापाशी पेन थांबलं. इथे केबल नाही. जॉइंट नाही, पाणी शिरायला जागा नाही. एक्स्चेंज दुसरं, गाव दुसरं, राज्य दुसरं. चाळीस वर्षं मी फॉल्ट शोधायचं काम केलं. सगळ्या तारा बदलल्या आणि फॉल्ट तोच राहिला, तर तो तारेत नसतो, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो.

शुक्रवार. मशीद. गुणसीलनच्या आईचे ते लांबलचक फोन. बटणांच्या डब्यातला फोटो. आणि तिच्यानंतर सहा वर्षं दर आठवड्याला अठरा सेकंद, बावीस सेकंद. मी सांगितलं होतं आवाज ऐकू येता कामा नये. त्यानं येऊ दिला नव्हता.

फोन अजून चालू होता. मला वाटलं ठेवेल. त्याला वाटत असेल मी ठेवीन.

मी म्हणालो, "आता तार नाही. कापायला काही उरलं नाही माझ्याकडे. बोल."

पंखा फिरत होता. मग दूरवर त्या मुलीचा आवाज आला, क्रॉसटॉकमधला तोच, आणि कुणीतरी तिला थांब म्हणालं. मग अगदी जवळून, अकरा वर्षांत जाड झालेल्या आवाजात:

"अप्पा, जेवलात?"

मी म्हणालो, "जेवलो. इडियप्पम होता. कोरडा."